जुना रोल कॅमेरा घेऊन फिरायला निघालात? आधी एक रोल घराजवळच संपवा

कोकणातली चार दिवसांची ट्रिप. रोलमध्ये ३६ फोटो. समुद्र, आजोळचं घर, ओटीवर बसलेली आजी, सगळं टिपून झालं. परत आल्यावर रोल धुवायला टाकला आणि लॅबवाल्याने सांगितलं, "यात काहीच आलेलं नाही."

कॅमेरा बिघडलेला नव्हता. रोल भरताना त्याचं टोक आतल्या स्पूलमध्ये नीट अडकलंच नव्हतं. शटरचा आवाज येत होता, फोटो मोजणारा आकडाही पुढे सरकत होता. आतली फिल्म मात्र जागची हलली नव्हती.

मोबाईलवर फोटो चुकला की लगेच दिसतं. फिल्मवर ते ट्रिप संपल्यानंतर कळतं. म्हणूनच सेकंडहँड कॅमेरा घेताना आणि पहिल्यांदा वापरताना काही गोष्टी आधीच तपासून घ्याव्या लागतात.

कॅमेरा कोणता घ्यायचा?

जुन्या कॅमेऱ्यांमध्ये ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात शटर पूर्ण यांत्रिक असतं, दुसऱ्यात ते बॅटरीवर चालतं. कॅनन एई-१ हा १९७६ साली आलेला कॅमेरा आजही लोकप्रिय आहे, पण बॅटरी संपली की त्याचं शटर उडत नाही. यशिका इलेक्ट्रो ३५ ज्या मर्क्युरी बॅटरीसाठी बनवला होता, ती आता बनतच नाही. त्यासाठी पर्यायी बॅटरी आणि अडॅप्टरची जुळवाजुळव करावी लागते.

प्रवासासाठी आणि नवशिक्यांसाठी पेंटॅक्स के१००० हा सोपा पर्याय आहे. हा कॅमेराही १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. याचं शटर यांत्रिक आहे. बटणाएवढी एक छोटी बॅटरी लागते, तीही फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरपुरती. बॅटरी संपली तरी फोटो काढता येतात. मीटरला बंद करायचं बटण मात्र नाही. त्यामुळे वापर झाला की लेन्सला झाकण लावायचं, नाहीतर बॅटरी उतरत राहते.

विकत घेताना काय बघायचं?

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार आणि चोर बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, शिवाय ऑनलाइन ग्रुप. जुने कॅमेरे सगळीकडे दिसतात. कुठूनही घेतला तरी तपासणी तीच.

लेन्स : छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडून लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारायचा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना हा त्रास फार होतो. थोडी धूळ चालते, बुरशी टाळावी.

शटर : आत रोल नाही याची आधी खात्री करायची. रिवाइंडची कळ हलक्या हाताने फिरवून बघायची. ती अडत असेल तर आत कुणाचा तरी रोल आहे. रिकामा असेल तर मागचं झाकण उघडून सगळ्या स्पीडवर शटर उडवायचं. एक सेकंदाच्या स्पीडला शटर साधारण एक सेकंद उघडं राहायला हवं. शटरचा पडदा अडकतो का, त्याला भोक आहे का, हेही बघायचं.

फोम : झाकणाच्या कडेच्या खाचांमध्ये काळा फोम असतो. इतक्या वर्षांत त्याचा चिकट लगदा होतो आणि आत प्रकाश शिरतो. हा फोम बदलता येतो. त्यामुळे यावरून कॅमेरा नाकारण्याऐवजी भाव कमी करून घ्यावा.

मीटर : नवी बॅटरी सोबत न्यायची. व्ह्यूफाइंडरमधली सुई उजेडाकडे आणि सावलीकडे फिरवल्यावर हलली पाहिजे. मोबाईलमधल्या लाइट मीटर अ‍ॅपशी आकडे जुळवूनही बघता येतात.

पहिला रोल कसा भरायचा?

रोल सावलीत भरायचा. फिल्मचं टोक स्पूलच्या खाचेत घालून लीव्हर ओढायचा. दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसली की झाकण लावायचं. मग रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्मची ढिलाई काढायची. आता पुढचा लीव्हर ओढताना ही कळ आपोआप उलटी फिरली, तरच फिल्म पुढे जातेय. सुरुवातीच्या गोष्टीतला रिकामा रोल एवढ्या एका नजरेने वाचला असता.

यानंतर रोलवरचा आयएसओ कॅमेऱ्यावर लावायचा. जुन्या कॅमेऱ्यांवर त्याला एएसए म्हणतात, आकडा तोच असतो. मीटर बिघडला तरी एक सोपा नियम आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ ठेवायचं आणि शटर स्पीड आयएसओच्या जवळचा. म्हणजे २०० आयएसओच्या रोलला १/२५०. आभाळ दाटून आलं असेल तर एफ/८ पासून सुरुवात करायची.

रोल संपल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही. कॅमेऱ्याच्या खालचं बटण दाबून, कळ फिरवून फिल्म पुन्हा डबीत गुंडाळायची. कळ एकदम हलकी झाली की मगच झाकण उघडायचं.

चाचणीचा रोल काय सांगतो?

हा पहिला रोल ट्रिपच्या आधी, घराजवळ संपवायचा. चहाची टपरी, गच्ची, घरातली माणसं, काहीही चालेल. रोल धुऊन आला की निगेटिव्ह उजेडात धरायची.

फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे असतात. ते कारखान्यातच उमटवलेले असतात. कडेचे आकडे दिसतायत पण फोटो एकही नाही, तर लॅबची चूक नाही. फिल्म सरकली नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेही नसतील, तर धुण्यात गडबड झाली असण्याची शक्यता जास्त. फोटोंवर लालसर पट्टे आले तर प्रकाश शिरतोय, म्हणजे फोम बदलावा लागेल. फोटो एकमेकांवर चढले असतील तर फिल्म पुढे नेणारी यंत्रणा दुरुस्तीला द्यावी लागेल.

प्रवासात काय सांभाळायचं?

विमानप्रवासात रोल चेक-इन बॅगेत टाकू नयेत. तिथल्या एक्स-रेने फिल्म खराब होऊ शकते. रोल हातातल्या बॅगेत पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी. नव्या सीटी स्कॅनरमधून तर रोल जाऊच देऊ नयेत. गाडीत उन्हात रोल ठेवू नयेत. परत आल्यावर कॅमेरा चामड्याच्या बंद केसमध्ये न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा.

खर्चाचंही आधी गणित मांडावं. समजा रोल, धुणं आणि स्कॅन मिळून १,४४० रुपये झाले, तर एका फोटोला ४० रुपये पडतात. रोलवर 'ईसीएन-२' लिहिलं असेल तर ती सिनेमाची फिल्म आहे. ती लॅब धुते का, हे रोल घेण्याआधीच विचारावं.

आणि स्कॅन मोबाईलवर आले तरी लॅबमधून निगेटिव्ह परत घ्यायला विसरू नये. मोबाईल हरवेल, फाइल डिलीट होईल. पण ओटीवर बसलेल्या आजीचा फोटो त्या निगेटिव्हवरून पुन्हा काढता येईल.