स्नानगृहातील ओल आणि आर्द्रता ओळखणारा पंखा

खाटा, शस्त्रक्रिया आणि देणग्या यांची आकडेवारी हितचिंतकांना या अहवालात दरवर्षी वाचावयास मिळतेच. वॉर्डांच्या स्नानगृहांत बसविलेल्या, आर्द्रतेनुसार आपोआप चालू-बंद होणाऱ्या एक्झॉस्ट पंख्यांविषयी मात्र अनेकांनी विचारणा केली. म्हणून हे थोडे विवेचन.

रुग्णालयात ओल ही केवळ गैरसोय नसते. न वाळलेल्या लादीवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घसरू शकतो. छताच्या कोपऱ्यात धरलेल्या बुरशीमुळे दमेकऱ्याला धाप लागते आणि कर्करोगावरील औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ॲस्परजिलससारखी बुरशी जीवघेणी ठरू शकते.

पंखा निवडताना तासाला दहा वेळा हवा बदलेल इतकी क्षमता आम्ही धरतो. स्नानगृह २ मीटर लांब, दीड मीटर रुंद व ३ मीटर उंच असेल तर आतील हवा ९ घनमीटर. म्हणजे तासाला किमान ९० घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. तो दारापासून दूर, छतालगत बसवावा. त्याची नळी आखूड, सरळ आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरती असावी, म्हणजे आत साचलेले पाणी मोटरीकडे परतत नाही. नळीचे तोंड मोकळ्या हवेतच उघडले पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडलेली वाफ तेथेच बुरशी वाढविते. दाराखाली दोन सेंटिमीटर फट न ठेवल्यास पंखा नुसताच फिरतो, कारण बाहेर जाणाऱ्या हवेची जागा घ्यायला आत हवा येतच नाही. जोडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच व ईएलसीबीसह करावी. शौचालयांतील पंखे अखंड चालावे लागतात. त्यांना हे नियंत्रण लावलेले नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. पंखा हवा सुकवीत नाही, तो आतली हवा काढून त्या जागी वॉर्डातली हवा आणतो, इतकेच. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्याच हवेची सापेक्ष आर्द्रता अनेक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. हिवाळ्यात योग्य असलेली ६५ टक्क्यांची मर्यादा तशीच राहिली तर पंखा अहोरात्र फिरतो, बेअरिंग झिजते आणि लादी काही लवकर वाळत नाही. म्हणून जूनमध्ये ही मर्यादा ९० टक्क्यांपर्यंत वाढवितो व पाऊस सरल्यावर पुन्हा उतरवितो. संततधारेत तीही अपुरी पडते. तेव्हा स्नानानंतर वीस मिनिटांचे घड्याळी नियंत्रण वापरावे आणि लादी पुसून कोरडी करावी. पुसण्याला पर्याय नाही.

देखभालीपूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद करावा. जाळी सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी, पाती कोरड्या ब्रशने झाडावीत. संवेदकावर पाणी वा जंतुनाशक फवारू नये. त्याने त्याचे मापन बिघडते. आर्द्रतामापकाची पडताळणी घरगुती साधनांनीही होते: झाकणबंद डब्यात पाण्याने ओलसर केलेले साधे मीठ ठेवल्यास काही तासांत आतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. त्या मापकाशी मग पंख्याचा संवेदक ताडून पाहता येतो. हवा ओढली जाते की नाही हे जाळीपाशी धरलेला पातळ कागदच सांगतो. तो चिकटला नाही तर नळी तुंबलेली असते.

विजेची बचत व्हावी म्हणून काही नातेवाईक पंख्याचे बटण बंद करून जातात. त्यांची काटकसर आम्हांस ठाऊक आहे आणि ती प्रशंसनीयच आहे. परंतु हे बटण, विशेषतः रात्रपाळीत, कृपया बंद करू नये. पंखा आवाज करीत असल्यास परिचारिकांना सांगावे.