सीट खाली, पण न थांबता

डोंगरात सायकल चालवणाऱ्याला सीटच्या दोन उंच्या लागतात. चढावर सीट उंच हवी. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला, तर पायाची ताकद पुरेपूर वापरली जाते आणि गुडघ्यांवर ताण येत नाही. खडबडीत उतारावर मात्र तीच सीट अडचण होऊन बसते. ड्रॉपर सीटपोस्ट ही या दोन उंच्यांमधली सोय. हँडलवरची कळ अंगठ्याने दाबायची आणि चालत्या सायकलवर सीट खाली-वर करायची. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे. ते कोणासाठी, हे मात्र नीट सांगायला हवं.

दगडधोंड्यांवरून उतरताना चांगला सायकलस्वार सीटवर बसत नाही. दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून तो त्यांवर उभा राहतो, कोपर आणि गुडघे सैल ठेवतो आणि सायकलला अंगाखाली मोकळेपणाने हलू देतो. त्यासाठी कंबर खाली जायला जागा लागते आणि उंच सीट नेमकी तीच जागा अडवते. मग बहुतेक जण सीटच्या मागे सरकतात. तसं केल्याने सुरक्षित वाटतं, पण पुढच्या चाकावरचा भार हलका होतो. वळण घेणं आणि वेग आवरणं, दोन्हींची खरी मदार त्याच चाकावर असते. त्याची पकड गेली की सायकल हाताबाहेर जाते. त्यात शरीराचा भार जितका उंचावर, तितकी जोरात ब्रेक दाबल्यावर मागचं चाक उचललं जाऊन हँडलवरून पुढे फेकलं जाण्याची शक्यता जास्त. सीट 15 सेंटिमीटर खाली गेली की कंबर सरळ खाली नेता येते, भार दोन्ही चाकांच्या मध्ये राहतो आणि वळणावर सायकल झुकवताना सीट मांडीला आडवी येत नाही.

हे शहाणपण नवं नाही. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर माउंटन बायकिंग आकाराला आलं. तिथल्या सायकली घडवणारे जो ब्रीझ यांनी जॉश अँजेल यांच्यासोबत 1980च्या दशकात ‘हाइट-राइट’ नावाची साधी स्प्रिंग बनवली. सीटपोस्ट आवळणारी क्विक रिलीजची खटकी सैल करायची, वजनाने सीट दाबायची, खटकी आवळायची. पुन्हा सैल केली की स्प्रिंग सीटला वर आणायची. पण त्यासाठी हात हँडलवरून काढावा लागे. आजच्या बहुतेक ड्रॉपरच्या पोटात दाबाखालचा वायू आणि तेल असतं. कळ दाबली की आतला व्हॉल्व्ह उघडतो. त्या वेळी वजन टाकलं तर सीट खाली जाते, अंग उचललं तर वायू तिला वर ढकलतो. कळ सोडली की तेलाची वाट बंद होते आणि सीट तिथेच थांबते. 2010मध्ये आलेल्या रॉकशॉक्स कंपनीच्या ‘रिव्हर्ब’ ड्रॉपरने ही सोय घरोघरच्या चर्चेत आणली. 2012मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एकच दातेरी चाक असलेली गिअरची रचना बाजारात आणली. तशा सायकली वाढल्या, पुढच्या गिअरची कळ गेली आणि डाव्या अंगठ्याखालची जागा ड्रॉपरला मिळाली.

माझ्या मते ड्रॉपरची किंमत सीट खाली जाण्यात नाही, न थांबता खाली जाण्यात आहे. जागतिक डाउनहिल शर्यतींच्या सायकलींना सहसा ड्रॉपर नसतोच. तिथे फक्त उतरायचं असतं, सीट कायमची खाली ठेवली तरी चालते. लांबच लांब चढ आणि मग एक सलग उतार असेल, तर माथ्यावर थांबून खटकी सैल करण्यात काही जात नाही. सह्याद्रीतल्या पायवाटांचा स्वभाव वेगळा. थोडा चढ, खडकाची पायरी, कोरडा ओढा, ओढ्यातून लगेच वर काढणारी उभी वाट, पुन्हा मुरमाचा घसरडा उतार. इतक्या वेळा कोण उतरून सीट बदलणार? माणूस उंच सीटवरच सगळं निभावतो आणि पडतो तेव्हा दोष स्वतःच्या भित्रेपणाला देतो. अशा वाटांसाठी ड्रॉपर मला चैन वाटत नाही.

आक्षेप असतो वजनाचा. साध्या सीटपोस्टपेक्षा ड्रॉपर साधारण 300 ते 400 ग्रॅमने जड. ऑलिंपिकमध्ये 1996पासून असलेल्या क्रॉस कंट्री शर्यतीचे खेळाडू याच कारणाने बराच काळ त्यापासून दूर राहिले. शर्यतीचे मार्ग जसे अवघड झाले तसे त्यांच्यातलेही अनेक जण वळले. 2022च्या मिलान-सान रेमो या 293 किलोमीटरच्या रस्त्यावरच्या शर्यतीत तर स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने ड्रॉपर लावला, पोज्जिओ टेकडीच्या उतारावर इतरांना मागे टाकलं आणि शर्यत जिंकली. डांबरी रस्त्यावर त्यानंतर ड्रॉपरची लाट आली नाही, आणि ते योग्यच. ज्यांची माउंटन बाइक मुख्यतः रस्त्यावर फिरते, त्यांना त्याची गरज नाही. सुरुवातीच्या किमतीच्या सायकलीलाही आधी चांगली पकड असलेले टायर आणि भरवशाचे ब्रेक द्यावेत.

घेताना सीट-ट्यूबचा व्यास मोजून घ्या. 27.2, 30.9, 31.6 आणि 34.9 मिलिमीटर ही नेहमीची मापं. सीट किती खाली जाणार, हा आकडा मोठा बघून भुलू नका. बुटक्या माणसाच्या लहान फ्रेममध्ये 200 मिलिमीटरचा ड्रॉपर अनेकदा मावतच नाही. फ्रेमवरची पकड गरजेपेक्षा जास्त आवळली तर सीट अडखळत वर येते. आपल्या पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ आतल्या सीलचं आयुष्य खाते, म्हणून घरी आल्यावर चकचकीत नळी ओल्या फडक्याने पुसावी. कळीपासून जाणारी केबल गंजत नाही ना, तेही पाहावं. केबलवर चालणारा, आतलं कार्ट्रिज वेगळं बदलता येणारा ड्रॉपर मिळाला तर तोच घ्यावा. दुरुस्तीसाठी अख्खा नग दूरच्या शहरात पाठवावा लागत नाही.

वापराची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते. कळ दाबायची ती उतार समोर दिसताच, उतारावर पोचल्यावर नाही. सीट खाली जायला क्षणभर तिच्यावर बसावं लागतं आणि खडकांमध्ये शिरल्यावर तेवढी उसंत मिळत नाही.