क्लेअर : दगडाला फुलं, कोपराला सूर

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकचा वारा अंगावर घेत पसरलेली क्लेअर काउंटी. बहुतेक पर्यटक इथले कडे बघतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या बसने डब्लिन गाठतात. खरी गंमत मात्र मुक्काम करणाऱ्यांच्याच वाट्याला येते!

कडे, पक्षी आणि जादूगार
मोहरचे कडे सर्वांत उंच जागी समुद्रापासून थेट २१४ मीटर! वसंतात इथे रंगीत चोचीचे पफिन पक्षी घरटी करायला येतात. सहाव्या हॅरी पॉटर सिनेमात दिसतात ते कडेही हेच.

भेगेत बाग
क्लेअरमधल्या ‘बरन’ या प्रदेशाच्या नावाचा अर्थच खडकाळ जागा. मैलोन् मैल करडा चुनखडक. पण वाकून भेगांमध्ये डोकावा. आल्प्समधलं निळंशार जेन्शियन, थंड आर्क्टिक प्रदेशातलं माउंटन ॲव्हन्स आणि भूमध्य सागराकडचं ऑर्किड, तिन्ही शेजारी शेजारी!

गुरांचं उलटं वेळापत्रक
युरोपात डोंगरावर गुरं चढतात उन्हाळ्यात. बरनमध्ये हिवाळ्यात! चुनखडकात ऊब टिकते, पाणी झिरपून जातं, त्यामुळे माथा कोरडा राहतो. गुरं वाळकं गवत फस्त करून वसंतात खाली उतरतात आणि फुलांना ऊन मिळतं. बागेचे खरे माळी हेच!

पाच हजार वर्षांचं छप्पर
बरनमधल्याच पोलनाब्रोनला उभ्या शिळांवर एक भलीमोठी आडवी शिळा तोललेली आहे. हे अश्मयुगीन दफनस्थळ पाच हजार वर्षांहून जुनं. उत्खननात तीसहून अधिक माणसांचे अवशेष सापडले.

कोपराने वाजणारं वाद्य
‘इलन पाइप्स’मध्ये तोंडाने हवा फुंकत नाहीत, काखेतला भाता कोपराने दाबतात. ‘इलन’ हा शब्द आयरिश भाषेतल्या कोपरावरूनच आलाय! २०१७ साली या वादनकलेला युनेस्कोच्या वारसा यादीत मान मिळाला. थोर पाइपवादक विली क्लॅन्सी मिलटाउन मालबेचे. १९७३ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाची उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली. आजही दर जुलैत अख्खं गाव शाळा होतं.

शंभरी ओलांडलेला ताफा
किलफेनोराचा ‘केली’ म्हणजे लोकनृत्याचा बँड १९०९ पासून लोकांना नाचवतोय. चिमुकलं गाव, पण नाव आयर्लंडभर!

मंच नाही, माइक नाही
डूलिन गावच्या पबमध्ये ‘सेशन’ रंगतं. फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात. सहा मात्रांची ‘जिग’ सुरू झाली की दादऱ्याची सवय असलेला आपला पाय आपोआप ठेका धरतो. एक धून दोन-तीनदा फिरते आणि न थांबता दुसरी सुरू होते. नोटेशन क्वचितच, शिकणं बहुतेक कानानेच.

क्लेअरला गेलात तर दोन रात्री तरी राहा. दिवसा बरनवर वाकून बघा, रात्री पबच्या कोपऱ्यात गप्प बसून ऐका. आणि फूल मात्र एकही तोडू नका!