केसांचे मूळ वळण

मृगाच्या सरी सुरू झाल्या, की गोव्याच्या हवेत ओलावा दाटून येतो आणि सकाळी चापूनचोपून बसवलेले केस दुपारपर्यंत फुलून येतात. सरळ केसांच्या स्त्रियांना हा बदल फारसा जाणवत नाही. ज्यांचे केस नागमोडी किंवा कुरळे आहेत, त्यांना मात्र तो दरवर्षी आरशासमोर उभे करतो. ‘केस विंचरले नाहीत का?’, ‘हे काय पिंजारलेले?’ असे प्रश्न त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असतात. पुढे लग्नसराई किंवा नोकरीची मुलाखत जवळ आली, की केस सरळ करून घेण्याचा सल्ला ठरलेलाच. अलीकडे मात्र हा सल्ला नाकारून आपले केस जसे आहेत तसे समजून घेणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते आहे. त्यामागे केवळ नव्या फॅशनची हौस नाही. केसांचे शास्त्र आणि आरोग्याची काळजी या दोन्ही गोष्टी त्यामागे आहेत.

कुरळेपणा येतो कुठून?

केस सरळ येणार की कुरळा, हे त्वचेखालीच ठरते. केसाचे मूळ ज्या सूक्ष्म पिशवीत रुजलेले असते, ती सरळ असेल तर केसही सरळ उगवतो. ती वाकलेली असेल तर केस वळण घेतच बाहेर येतो. ही ठेवण बहुतांशी आनुवंशिक असते. तिचा स्वच्छतेशी किंवा नीटनेटकेपणाशी काहीही संबंध नाही.

या वळणामुळे कुरळ्या केसांचा स्वभावही वेगळा होतो. टाळूवर तयार होणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, कुरळ्या केसाच्या वळणांत ते अडते. म्हणून टाळू तेलकट आणि टोके कोरडी अशी स्थिती निर्माण होते. कोरडा केस हवेतील ओलावा चटकन शोषतो. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, त्याच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजनचे नाजूक बंध पाण्याने सुटतात आणि सुकताना नव्या जागी जुळतात. पावसाळ्यात केस फुलतात ते यामुळेच. हा केसांचा दोष नाही, हवेला दिलेला तो साहजिक प्रतिसाद आहे.

सरळपणाची किंमत

केराटिनच्या साखळ्यांत गंधकाचे अधिक बळकट बंधही असतात. ते पाण्याने सुटत नाहीत. ‘रिबाँडिंग’मध्ये रसायनाने हे बंध तोडतात, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनाने ते बंध नव्या आकारात पक्के करतात. तोडलेले सर्वच बंध पुन्हा जुळत नाहीत, त्यामुळे केस कमकुवत होतो. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळातून येणारा नवा केस पुन्हा कुरळाच असतो. काही महिन्यांनी तीच प्रक्रिया करावी लागते आणि हे चक्र थांबत नाही.

‘केराटिन ट्रीटमेंट’ या नावाने चालणाऱ्या अनेक प्रक्रियांत फॉर्माल्डिहाइड, किंवा तापवल्यावर ते सोडणारी द्रव्ये वापरली गेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडचे वर्गीकरण मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य असे केले. त्यानंतर ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ अशी जाहिरात होऊ लागली आणि काही उत्पादनांत त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक आम्ल आले. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका २६ वर्षीय तरुणीची हकीकत नोंदवली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. वापरलेल्या क्रीममध्ये हेच आम्ल होते. ते क्रीम उंदरांच्या त्वचेला लावले असता त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक आढळले.

अमेरिकेत सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता १.६४ टक्के, तर ती वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. हा संबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे, आणि मूळ धोका कमीच आहे. तरीही वर्षातून अनेकदा अशी प्रक्रिया करून घेणाऱ्यांनी विचार करावा, इतके त्यात निश्चित आहे.

मापदंड कोणाचा?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी हा प्रश्न सौंदर्यापुरता कधीच नव्हता. नैसर्गिक केसांमुळे नोकरीत आणि शाळेत भेदभाव होऊ नये, यासाठी कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा केला. नंतर इतर अनेक राज्यांनी तो मार्ग धरला. दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये प्रिटोरियातील एका शाळेच्या विद्यार्थिनींनी केसांविषयीच्या नियमांविरुद्ध आवाज उठवला होता.

आपल्याकडील अनुभवामागे तो वर्णभेदाचा इतिहास नाही, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना योग्य ठरणार नाही. मात्र सरळ केस म्हणजे व्यवस्थितपणा, हे समीकरण इथेही रुजले आहे. गंमत अशी, की आपली जुनी सौंदर्यदृष्टी याहून उदार होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटा दिसतात आणि संस्कृतातील ‘अलक’ हा शब्द अशा बटांसाठीच आहे. कुरळे केस कुरूप ठरवणारी नजर ही आपली सनातन नजर नव्हे.

निगा राखण्याची रीत

कुरळ्या केसांना महागड्या बाटल्यांपेक्षा वेगळी हाताळणी लागते. पहिला नियम म्हणजे कोरडे केस विंचरू नयेत. वळणे सुटून केस पिंजारतात ते त्यामुळेच. न्हाताना कंडिशनर लावून, केस ओले असतानाच मोठ्या दातांच्या फणीने किंवा बोटांनी गुंता सोडवावा. सौम्य शाम्पू वापरावा आणि तो टाळूपुरता ठेवावा. खरखरीत टॉवेलने केस रगडण्याऐवजी घरातला जुना मऊ पंचा घ्यावा आणि केस मुठीत धरून पाणी टिपावे.

खोबरेल तेलाची आपली परंपरा इथे कामी येते. न्हाण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात दिसून आले; सूर्यफूल आणि खनिज तेलाला ते साधले नाही. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस किंवा उकळलेल्या जवसाचा गाळ केसांवर हलका थर धरतो आणि वळण टिकवतो. किनारपट्टीच्या दमट हवेत एक पथ्य महत्त्वाचे आहे. ग्लिसरीन हवेतील पाणी ओढून घेते, म्हणून ते भरपूर असलेली उत्पादने पावसाळ्यात केस अधिकच फुलवू शकतात.

सरळ केलेल्या केसांकडून मूळ केसांकडे परतण्याचा काळ मात्र कसोटीचा असतो. मुळाशी वळणे आणि टोकाला सरळ केस, अशी दुभंगलेली अवस्था महिनोन्‌महिने राहते. दोन पोत जिथे मिळतात, तिथे केस सर्वाधिक तुटतो. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण बदलण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. दर काही महिन्यांनी टोके कापत राहणे, वेणी किंवा अंबाडा घालणे हे उपाय या काळात सोयीचे पडतात. केस अचानक फार गळू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. रक्तातील लोहाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार हे त्यामागचे कारण असू शकते.

केस सरळ करावेत की नाही, हा निर्णय ज्या त्या स्त्रीचा. कुरळे केस मिरवण्याची नवी सक्ती जुन्या सक्तीपेक्षा बरी ठरणार नाही. परंतु तो निर्णय लाजेपोटी होऊ नये, इतके तरी घराघरांत घडू शकते. मुलीची पहिली वेणी आई किंवा आजी घालते. त्या वेळी फणी अडली, की तोंडातून जो शब्द बाहेर पडतो, तोच मुलीच्या मनात आपल्या केसांचे पहिले वर्णन म्हणून राहतो. ‘काय हे झिपरे’ म्हणायचे, की केस ओले करून, गुंता हळूच सोडवून त्या कुरळ्या बटांवर अबोलीचा वळेसर माळायचा, हे त्या हातांवर अवलंबून आहे.