बार्शीचे एक खाते

पुण्याहून कुंथलगिरीच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबाची गाडी टेंभुर्णीपाशी सोलापूरचा महामार्ग सोडून कुर्डुवाडीकडे वळली, तेव्हा बार्शीस अर्धा तासच थांबायचे ठरले होते. ७८ वर्षांच्या आजोबांना आपल्या पेढीची जागा पाहायची होती. सूर्यास्तापूर्वी क्षेत्रावर पोहोचून भोजन व्हावे, हा सूनबाईंचा हिशेब. आणि तो रास्तच होता.

बार्शी ही ज्वारी-तुरीची जुनी बाजारपेठ. १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून येथवर अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी रेल्वे धावू लागली; १९११ मध्ये ती लातूरपर्यंत गेली. आता तेथे मोठे रूळ आहेत. पोत्यांनी भरलेल्या त्या इवल्या डब्यांचे वर्णन ऐकताना नातवाने मोबाइलवरून दृष्टी काढली, हेही नसे थोडके.

पेढीच्या जागी मोबाइलचेच दुकान निघाले. शेजारचा दगडी ओटा तेवढा ओळखीचा. त्यावर बसून आजोबांनी खिशातून खतावणीचे एक जीर्ण पान काढले.

त्या काळी शेतकरी मालाची पट्टी झाल्यावर गरजेपुती रक्कम नेत व उरलेली अडत्याकडेच ठेवीत. पावती क्वचितच मागितली जाई. १९७२ च्या दुष्काळाने पेढी खचली. पुढच्या वर्षी ती बंद करताना आजोबांनी सर्वांच्या ठेवी परत केल्या. एकच शेतकरी कामाच्या शोधात गाव सोडून गेला होता. त्याचे ३४० रुपये जमा राहिले.

"बाबा, ५० वर्षे झाली. आता दानपेटीत टाकू," मुलगा म्हणाला.

"दान आपल्या पैशाचे करतात. हा पैसा आपला नाही."

सहा टक्के चक्रवाढ व्याजाने ही रक्कम ६,२०० च्या वर जाते. आजोबांनी पाकिटात ११,००० ठेवले होते. जादा रकमेचा खुलासा त्यांनी केला नाही, कोणी विचारलाही नाही.

बाजारातील एका वृद्ध हमालाने ठावठिकाणा सांगितला. कुटुंब केव्हाच गावी परतले होते, शेतकरी मात्र निवर्तला होता. गाव आडवाटेला होते. तेथे गेल्यास क्षेत्रावरचे भोजन चुकणार, हे उघड होते. मुलगा घड्याळ पाहू लागला. सूनबाईंनी मात्र डबा उघडून दशम्या मुलांच्या हाती दिल्या आणि गाडी वळवण्यास सांगितले. आजोबांनी काही घेतले नाही. आधी काम, म्हणाले.

गावात पोहोचेतो दिवस मावळला होता. शेतकऱ्याच्या मुलाने पाकीट दोनदा परत सारले. त्याच्या पत्नीने चहा आणला. आजोबांनी हात जोडले. क्षणभर सारेच अवघडले. मग तो मुलगा पत्नीस म्हणाला, "ने आत. बापू सांगायचे, शेठजी दिवेलागणीनंतर पाणीसुद्धा घेत नाहीत."

हे शेठजी म्हणजे आजोबांचे वडील. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी ते पान मांडीवर पसरले, जमेसमोर रक्कम नावे टाकली, खाली तारीख घातली आणि सही करण्यासाठी पेन त्या मुलाच्या हाती दिले.

कुंथलगिरीस गाडी पोहोचली तेव्हा रात्र बरीच झाली होती. आजोबा उपाशीपोटीच झोपले. नातवाने मात्र ते पान सकाळी पुन्हा मागून घेतले.