आजारपणात हाताशी असलेला फोन : काही मोफत ॲपविषयी

गेल्या काही वर्षांत आमच्या बाह्यरुग्ण विभागातील एक दृश्य बदलले आहे. पूर्वी बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या हाती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले केसपेपर, एक्स-रे आणि रेशनकार्ड एवढेच असे. ती पिशवी आजही आहे. परंतु तिच्या जोडीला बहुतेक कुटुंबांत एक तरी स्मार्टफोन आलेला आहे, मग ते कुटुंब किनवटचे असो वा निलंग्याचे. त्यावर गाणी व चित्रपट पाहिले जातात, याबद्दल आमची तक्रार नाही; रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यास विरंगुळा हवाच. मात्र त्याच फोनवर आजारपणात उपयोगी पडणाऱ्या काही सोयी विनामूल्य मिळतात, आणि त्या माहीत नसल्यामुळे होणारे नुकसान आम्हास वारंवार पाहावे लागते. म्हणून यंदाच्या अहवालातील थोडी जागा या विषयास दिली आहे.

आरंभ अशा सोयीपासून करू, जिच्यासाठी नव्याने काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. मोटारसायकलच्या अपघातातील एक तरुण बेशुद्धावस्थेत आमच्याकडे आणला गेला. त्याच्या खिशात फोन होता, पण तो कुलूपबंद. नाव नाही, गाव नाही, रक्तगट नाही. घरून त्याला फोन येईपर्यंत परिचारिका तो हातात धरून वाट पाहत होत्या. वास्तविक, कुलूप न उघडताही फोन मालकाविषयी माहिती देऊ शकतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षितता आणि आणीबाणी’ असा किंवा तत्सम नावाचा विभाग असतो. आयफोनमध्ये ‘हेल्थ’ ॲपमधील ‘मेडिकल आयडी’. तेथे रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि जवळच्या दोन व्यक्तींचे क्रमांक भरून ठेवावेत आणि ते बंद पडद्यावर दिसण्याची मुभा द्यावी. मग पडद्यावरील ‘आणीबाणी’ या शब्दावर बोट ठेवताच ते कोणासही वाचता येतात. मधुमेही रुग्णाने ‘इन्सुलिन घेतो’ एवढे जरी लिहिले असेल, तरी बेशुद्धीचे कारण शोधताना डॉक्टर प्रथम रक्तातील साखर तपासतील. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर ही नोंद आजच करावी.

‘विजेट’ हा शब्द अनेकांना अपरिचित वाटेल. ॲप न उघडता मुख्य पडद्यावरच त्याचे काम करणारी लहानशी खिडकी, म्हणजे विजेट. गावी एकट्या राहणाऱ्या आजीच्या फोनवर मुलाचा फोटो असलेली ‘थेट डायल’ची खिडकी लावून दिली, तर फोटोवर बोट ठेवताच मुलाला फोन लागतो. अक्षरओळख नसलेल्या वृद्धांसाठी याहून सोपी सोय आम्हाला ठाऊक नाही.

आता विजेविषयी थोडे विस्ताराने. मृगापूर्वीच्या वळवाच्या पावसात आणि पुन्हा परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा पडून माणसे व जनावरे दगावतात. बळी जातो तो बहुधा शेतात काम करणाऱ्यांचा, पाऊस आला म्हणून झाडाखाली उभे राहिलेल्यांचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप यासाठीच आहे. वीज चमकताना रेडिओ लहरी निर्माण होतात. देशभर बसविलेली यंत्रे त्या टिपतात आणि कोणत्या यंत्राकडे लहर किती आधी पोहोचली यावरून विजेचे ठिकाण काढले जाते. आपल्यापासून २० अथवा ४० किलोमीटरच्या टापूत विजा पडत असल्यास ॲप तसा इशारा देते. गावात एकाकडे जरी हे ॲप असले, तरी तो शिवारातील दहाजणांना हाक मारू शकतो. रेंज नसेल तेव्हा आपले कान आहेतच : वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर असा हिशेब आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर पक्क्या घराकडे निघावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. वीज पडलेल्या माणसास हात लावल्यास झटका बसतो, असे अनेक गावांत मानले जाते. ते खरे नाही. शरीरात वीज साठून राहत नाही. अशा रुग्णाचे हृदय व श्वास बंद पडलेला असू शकतो; तसे असल्यास त्याच क्षणी छाती दाबण्यास आरंभ केला, तर तो वाचण्याची शक्यता असते. एकाने छाती दाबावी, दुसऱ्याने १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

शासकीय योजनेच्या कार्डाबाबतही फोन मोठे काम करतो. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पुढे तीच योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली आणि २०२३ च्या निर्णयानुसार तिचे संरक्षण प्रतिकुटुंब दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. तरीही रुग्ण दाखल झाल्यावर कार्डासाठी धावपळ करणारी कुटुंबे आम्ही पाहतो. ‘आयुष्मान’ या शासकीय ॲपवर पात्र व्यक्तीस घरबसल्या हे कार्ड काढता येते. ओळख पटविण्यासाठी बोटांच्या ठशाऐवजी चेहराही चालतो. कंधार, मुखेड, लोहा या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळेल, कारण कोयता धरून झिजलेली बोटे यंत्र ओळखत नाही. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून याच ॲपवर स्वतंत्र कार्ड मिळते. कार्ड निरोगी असतानाच काढावे.

औषधांच्या खर्चासाठी ‘जनऔषधी सुगम’ पाहावे. औषधाचे मूळ नाव टाकले असता जनऔषधी केंद्रातील किंमत आणि जवळचे केंद्र त्यावर कळते. दरमहा रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या घरात हा फरक लहान नसतो. नाव व मिलिग्रॅम दोन्ही जुळतात का, हे मात्र डॉक्टरांना दाखवूनच बदल करावा. फेफऱ्याच्या औषधात तर विचारल्याविना मुळीच नको. रक्ताची गरज पडल्यास ‘ई-रक्तकोश’वर रक्तपेढ्यांतील गटनिहाय साठा दिसतो. तेथील आकडा शेवटच्या नोंदीइतकाच खरा असतो, म्हणून निघण्यापूर्वी पेढीला फोन करावा. प्लेटलेट तर अवघे पाच दिवस टिकतात. डेंग्यूच्या दिवसांत सकाळचा साठा दुपारी संपलेला असतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांचा विनामूल्य सल्ला मिळतो, शंभर किलोमीटर दूरच्या गावातून केवळ ‘गोळी चालू ठेवू का’ हे विचारण्यास येणाऱ्यांचा एसटीचा खर्च व एक दिवसाची मजुरी त्याने वाचेल.

काही ॲप मात्र टाळावीत. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब अथवा रक्तातील साखर सांगण्याचा दावा करणाऱ्या ॲपवर विसंबून कोणीही औषध कमी-जास्त करू नये. त्याहून घातक प्रकार फसवणुकीचा. आमच्या एका रुग्णाच्या मुलाने रुग्णालयाचा क्रमांक इंटरनेटवर शोधला. जो सापडला तो भामट्याचा होता. ‘नाव नोंदणीसाठी १० रुपये भरा’ म्हणून त्याने एक फाइल पाठविली, मुलाने ती फोनवर बसविली आणि शस्त्रक्रियेसाठी जमविलेली रक्कम त्याच रात्री खात्यातून गेली. शेळ्या विकून आणलेले ते पैसे होते. शस्त्रक्रिया पुढे देणगीदारांच्या निधीतून झाली, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. परंतु मुलगा कितीतरी दिवस बापासमोर मान वर करीत नव्हता. ॲप केवळ फोनमधील अधिकृत दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअर अथवा ॲप स्टोअरमधूनच घ्यावे. संदेशातून आलेली फाइल उघडू नये. फसगत झाल्यास लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम बँकेत अडविली जाण्याची शक्यता अधिक.

आमच्या मदत कक्षातील समाजसेवक वर सांगितलेली ॲप लावून देण्यास साहाय्य करतात. फोन आपल्याच हातात राहतो, ते शेजारी बसून सांगतात. बँकेचा पिन अथवा संदेशातून आलेला ओटीपी ते विचारीत नाहीत. रुग्णालयाच्या नावाने कोणी विचारल्यास देऊ नये आणि ती गोष्ट कक्षात येऊन कळवावी. येताना आधार कार्ड, रेशनकार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणावी.