बैलाची चाल व तिचे नियमन

जालना जिल्ह्यात पावसाची उघडीप होऊन काळ्या रानास वापसा आला, की भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कपाशीत कोळपी चालू होतात. बैल ओळींमधून चालतात. रोप सहसा पायाखाली येत नाही. हाकणारा कासऱ्याने दिशा दाखवितो खरा. परंतु कोणता पाय केव्हा उचलावा, किती वाकवावा, हे त्याने बैलास कधी शिकविलेले नसते. मग ही व्यवस्था ठेवतो कोण? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे लंगड्या जनावरास डाग देऊन त्याचे हाल केले जातात, आणि प्रसंगी धन्याच्याही जिवावर बेतते.

प्रथम उभे राहणे पाहू. जनावर स्तब्ध दिसले तरी त्याचे स्नायू विसावलेले नसतात. अंगाच्या भाराने पाय किंचित वाकू लागला, की तेथील स्नायू ताणला जातो. ताणाची वर्दी मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस पोहोचते व तेथूनच आखडण्याची आज्ञा परत येते. मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. अशा क्रियांचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडात चार्ल्स शेरिंग्टन यांनी केला. १९३२ साली त्यांना एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

चालण्याचेही तसेच आहे. मेंदूशी संबंध तुटला तरी एकटा मज्जारज्जू मागील पायांचे स्नायू आळीपाळीने हालवू शकतो, हे ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ साली मांजरावरील प्रयोगांनी दाखविले. म्हणजे चालीचा ठेका कण्यात असतो. निघावे की थांबावे हे मेंदू ठरवितो. लहान मेंदू पावलांची चूक दुरुस्त करतो. आणि कानाच्या आतील इंद्रिय तोलाची खबर देते. नुकतेच जन्मलेले वासरू तास-दोन तासांत धडपडत उभे राहते, ते याचमुळे. ही जुळणी जन्मापूर्वीच बऱ्याच अंशी झालेली असते.

तात्पर्य, पाय हा शेवटचा चाकर होय. तो चुकला तर आधी खूर उचलून काटा, खडा, जखम पाहावी. तेथे काही न आढळल्यास पुढील तीन रोग ध्यानात घ्यावेत.

पहिला तिवा. हा पावसाळ्यात डास व चिलटांमार्फत पसरतो. ताप येतो, अंग ताठते, आणि लंगडणे आज या पायात तर उद्या त्या पायात दिसते. बहुतेक जनावरे तीन-चार दिवसांत आपोआप सुधारतात. डाग दिला आणि तिसऱ्या दिवशी बैल उठला, असे जे सांगतात, त्यातील यश डागाचे नसते. बैल तसाही उठला असता.

दुसरा दुग्धज्वर. व्याल्यानंतर बहुधा तीन दिवसांच्या आत गाय वा म्हैस बसते, मान कुशीकडे वळविते व उठत नाही. रक्तातील कॅल्शियम उतरल्याने मज्जातंतूंची आज्ञा स्नायूंस नीट पोहोचत नाही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने शिरेतून वेळीच कॅल्शियम दिल्यास पुष्कळ जनावरे काही तासांत उठतात. विलंब झाल्यास दगावतात.

तिसरा व सर्वांत भयंकर रोग म्हणजे पिसाळणे. चावलेल्या कुत्र्याच्या लाळेतील विषाणू मज्जातंतूंतून वर सरकत मेंदूस पोहोचते. मागील अंग लुळे पडते, हंबरणे बदलते, लाळ गळते. घशात काही अडकले असे समजून अनेकजण तोंडात हात घालतात. तसे कदापि करू नये. लाळ जखमेस, डोळ्यास वा तोंडास लागल्यास ती जागा तत्काळ धुवावी. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात लस घ्यावी. लक्षणे उमटल्यावर या रोगास इलाज नाही.

तिन्ही रोगांत बळेच औषध पाजणे टाळावे. घशाचे स्नायूही मज्जातंतूंच्याच ताब्यात असल्याने औषध फुप्फुसात उतरण्याचे भय असते.

निरोगी बैलाचे मागील पाऊल बहुधा त्याच बाजूच्या पुढील पावलाच्या ठशावर किंवा त्यालगत पडते. आपल्या जोडीचे असे ठसे चांगल्या दिवसांत ओल्या वाटेवर पाहून ठेवावेत. ज्यास रोजची चाल ठाऊक आहे, त्यासच तिच्यातील बिघाड वेळेवर ओळखता येतो.